भोंग्याचं गाणं आणि सरांची खुर्ची

भांडण चाललं होतं तेव्हा ती आईच्या दुकानातल्या पालथ्या सोफ्याच्या पोटात बसली होती. वय वर्षं नऊ. सोफ्याच्या बुडाचं कापड काढलेलं, स्प्रिंगा काढून भिंतीशी रचलेल्या, आणि त्या रिकाम्या सांगाड्यात ही उतरलेली, पिंपात उतरावं तशी. शाळेतून आली की तिथेच लपायची. तिला शोधायच्या भानगडीत कुणी पडायचं नाही, कारण फार वेळ गप्प राहणं तिच्या रक्तातच नव्हतं. जरा थांबलं की आपोआप सापडायची.

त्या दिवशी मात्र चिडीचूप होती. शाळेच्या गाण्याच्या कार्यक्रमात पराक्रम करून आली होती ना. गाण्याच्या सरांनी महिनाभर आधीच तिला मागच्या रांगेत ढकलून सांगितलं होतं, "तू नुसते ओठ हलव. आवाज काढायचा नाही." महिनाभर तिने इमानाने ओठ हलवले. कार्यक्रमाच्या दिवशी समोरच्या गर्दीत आई दिसली आणि ओठांमागून आवाज निघाला तो निघालाच.

पाठोपाठ आत्या तणतणत दुकानात शिरली. आत्या म्हणजे तिच्या वडिलांची थोरली बहीण. त्या कार्यक्रमात पुढे उभी राहून एकटी गाणारी गोड गळ्याची मुलगी होती ती या आत्याची.

"वहिनी, तुझ्या पोरीला आवर गं! माझ्या पोरीच्या गाण्याचा पार चोथा केला हिने. पाहुणे खिडकीतून बाहेर बघायला लागले, कारखान्याचा भोंगा झाला म्हणून!"

आई काही बोलली नाही. बोलणार कशी? तोंडात खिळे होते. खुर्च्यांना कापड चढवणारी माणसं बारीक खिळे ओठांत धरतात आणि एकेक जिभेने पुढे सरकवत हातोडीच्या टोकाला लावतात. नवरा गेल्यावर आईने त्याचं दुकान अंगावर घेतलं, त्याबरोबर ही सवयही घेतली. सवय मोठी सोयीची होती. बाईमाणसाला सोफे उचलायला जमायचं नाही, दोन महिन्यांत कुलूप लागेल, असं सांगायला कुणी ना कुणी रोज दारात उभं असे. असा शहाणा दिसला की आई चार खिळे जास्तच तोंडात भरायची. भरल्या तोंडाने कोण कुणाला उत्तर देणार?

"आधीच लोक काय काय बोलतात," आत्या म्हणाली. "त्यात ही अशी. आपण कसं, चार लोकांत खाली मान घालून राहावं."

तेव्हा आईने हातोडी ठेवली. एकेक करत खिळे तळहातावर काढले. सात होते, सोफ्याच्या पोटात बसलेलीने मोजले.

"ताई, आवाज वाईट आहे. मला काय कान नाहीत? पण आहे तो तिचा आहे. नुसते ओठ हलवायला मी तिला शिकवणार नाही. तुम्हाला शिकवायचं असेल तर शिकवा, पण या दाराच्या बाहेर नेऊन."

आणि सातही खिळे परत तोंडात.

नऊ वर्षांच्या जिवाला कळेना, यातलं कुठलं वाक्य धरून रडायचं आणि कुठलं जपून ठेवायचं. तिने दोन्ही ठेवून घेतली. नाव मात्र त्या दिवसापासून भोंगा पडलं ते पडलंच. पुढे पुढे आईसुद्धा हाक मारायची, "भोंग्या, पट्टे आण गं."

त्याला झाली चौदा वर्षं. दुकान तेच, लांबट, पुढे दार आणि मागे खोली. छताला टांगलेल्या खुर्च्या, कोपऱ्यात फोमच्या चवडी, भिंतीवर कापडाचे तागे, आणि मागच्या खोलीत आईचं शिलाईचं मशीन. ते मशीन म्हणजे घरातलं तिसरं माणूस. सकाळी आठला सुरू व्हायचं, घर्रघर्र, टकटकटक, ते दिवे लागेपर्यंत. आई शिवायची आणि ठोकायची. भोंग्याकडे उरलेलं सगळं. जुनं कापड फाडणं, धूळ खाणं, गादीखालचे तुटके पट्टे बदलणं आणि सोफे जिन्यांवरून चढवणं. खांद्यावर खुर्ची उलटी घालून ती चालायला लागली की लांबून चार पायांची खुर्चीच दोन पायांवर फिरायला निघाल्यासारखी दिसे.

गिटार तिला कामातच मिळाली. एका गिऱ्हाइकाने सोफा देताना, "ही अडगळपण घेऊन जा बाई," म्हणून हातात दिलेली. तिला तारा चार होत्या. उरलेल्या दोन भोंग्याने आणल्या, सोफ्याच्या पट्ट्याचा खांदापट्टा केला आणि तीन सूर शिकली. चौथा शिकायला गेली तोवर कळलं की तिला आवडणाऱ्या गाण्यांना तीनच पुरतात.

त्या गाण्यांना पॉप पंक म्हणतात. म्हणजे काय, तर जीव खाऊन वेगाने वाजवायचं, मनापासून रागवायचं, आणि एवढं करून चाल अशी ठेवायची की ऐकणाऱ्याने घरी जाताना गुणगुणावी. रडगाणंच, पण धावत म्हटलेलं. भोंग्याला ते बसलं अगदी मापाच्या खोळीसारखं. जोडीला दोघं मिळाली. बेकरीत पीठ मळणारा एक गडी, दंड असे की ड्रम बदडायलाच घडवलेले; फक्त त्याला घाई फार, गाणं सुरू झालं की पाव जळत असल्यासारखा पळत सुटायचा. दुसरी दवाखान्यातली नर्सबाई, ती जाड तारांची बेस गिटार वाजवायची, तोंडातून शब्द काढायची नाही. दिवसभर लोकांचं कण्हणं ऐकून आल्यावर तिला बोलण्याचा कंटाळाच असायचा.

वाचनालयाच्या हॉलमध्ये त्यांनी पहिल्यांदा चार लोकांसमोर वाजवलं. मागून एक जण ओरडला, "ताई, तेल घाला घशात!" लोक हसले. भोंगा गात राहिली. त्या आठवड्याच्या स्थानिक पत्रात एका जाणकाराने लिहिलं, की या मुलीचं गाणं म्हणजे डब्यात खिळे घालून हलवावेत तसं आहे.

नर्सबाईने पेपर घडी घालून लपवला. बेकरीवाला म्हणाला, "मी जाऊन त्याला भेटू का?" दंड दाखवून म्हणाला. भोंग्याने तो पेपर नर्सबाईकडून काढून घेतला, दोनदा वाचला, मग दुकानात गेली आणि खिळ्यांचा डबा घेऊन आली. खरा, आईचा, निम्मा भरलेला. माइकपुढे धरून हलवला. छर्र छर्र छर्र.

"अरे, बरोबर लिहिलंय की त्याने," ती म्हणाली. "आपल्याला सुचलंच नव्हतं."

गाणं तिथून निघालं. ज्याने ज्याने तिला जे जे सुनावलं होतं ते सगळं तिने ओळीने लावलं:

ओठ हलव म्हणालात, हे बघा, हलवले!
मागे थांब म्हणालात, हे बघा, थांबले!
चार मजले, पाठीवर सोफा, लिफ्ट आहे बंद,
खाली बसून सांगताय मला, चाल तुझी मंद!

आणि मग तिघंही मिळून: खिळे आहोत डब्यातले, हलवा, हलवा, हलवा! अडीच मिनिटांत खेळ खलास. चहा उकळायलासुद्धा जास्त वेळ लागतो.

असं एकटंच गाणं काढतात त्याला त्या लोकांत सिंगल म्हणतात. गावच्या रेडिओवर शनिवारी दुपारी चारला नव्या लोकांचं एक गाणं लावायचे. एकच, आणि एकदाच. तिथे लागलं तर ऐकणारे हॉलमधल्या चार जणांचे चार हजार होणार होते. भोंग्याने ठरवलं, आपलं गाणं तिथे लागलं पाहिजे.

रेकॉर्डिंग दुकानातच केलं. कुणा मित्राची यंत्रं एका रविवारपुरती मिळाली होती. फोमच्या चवडी भिंतींना लावल्या, ताग्यांचे पडदे केले. टाळी वाजवली तर ती हातातल्या हातात विझायची, एवढी सुरेख खोली झाली. अडचण आईची. तिला नेमकी एक खुर्ची संपवायची होती. गाण्याच्या सरांची. होय, तेच ते सर. निवृत्त झाले होते आणि त्यांची वाचायची खुर्ची बसून बसून खड्ड्यात गेली होती.

"मी मागे दार लावून बसते," आई म्हणाली. "तुमचं तुम्ही ओरडा."

सकाळपासून सात वेळा वाजवलं. सातही वेळा कुणी ना कुणी चुकलं. आठव्यांदा मात्र बेकरीवाला चक्क पळाला नाही. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका चालीत वाजवलं त्याने, मध्ये एका जागी तर ठेका किंचित सैल सोडून अशी झकास ओढ घेतली की नर्सबाईने मान हलवली. ती मान वर्षातून दोनदा हलायची. तिघांनी एकमेकांना मिठ्या मारल्या आणि यंत्रं परत गेली.

दोन दिवसांनी भोंगा गाणं घेऊन रेडिओच्या कचेरीत गेली. तिथल्या साहेबांनी कानाला लावून ऐकलं. भुवया वर गेल्या, खाली आल्या.

"गाणं खणखणीत आहे," ते म्हणाले. "पण दोन गोष्टी. एक, हे मागे मशीन कसलं चालू आहे?"

"कसलं मशीन?"

"हे काय, घर्रघर्र. पहिल्यापासून शेवटपर्यंत."

भोंग्याने कान लावून ऐकलं. तिला काही ऐकू येईना. बाहेर थांबलेल्या बेकरीवाल्याला बोलावलं, त्याला काही ऐकू येईना. नर्सबाईनेही खांदे उडवले. साहेबांना वाटलं, ही तिघं मिळून आपली टिंगल करतायत. शेवटी त्यांनी टेबलावर बोटाने ठेका धरून दाखवला, टकटकटकटक, तेव्हा भोंग्याचा चेहरा पडला.

"ती आई आहे," ती म्हणाली.

बघा आता. ज्या आवाजात ती जन्मापासून झोपली, जेवली, अभ्यासाला बसली, तो तिला आवाज वाटतच नव्हता. दोघं सोबती वर्षभर तिथेच सराव करून तसलेच झाले होते. सात वेळा आई कोपरे कापत होती, दोरा बदलत होती. आठव्या वेळी ती सरांच्या खुर्चीच्या गादीला कडेचा गोट शिवायला बसली, सलग. आणि बेकरीवाला न कळता त्या टाक्यांच्या मागे मागे चालला होता.

"आणि दुसरी गोष्ट?" भोंग्याने विचारलं.

साहेब जरा चुळबुळले. "आवाज. रागावू नका. शब्द तुमचेच राहू द्या, नाव तुमचंच राहू द्या. फक्त गायला दुसरं कुणी घ्या. तुमच्याच घरात एक गोड गळा आहे म्हणे, तुमच्या आत्याबाई काल इथे येऊन सांगत होत्या. कार्यक्रमांना तुम्हीच उभ्या राहा की पुढे. ध्वनिफीत लावू. तुम्ही नुसते ओठ हलवा."

भोंग्याने ओठ घट्ट मिटून घेतले. तोंडात खिळे नव्हते, तरी.

घरी आली तर आत्याची मुलगी दुकानात बसलेली. आत्याने पाठवलेली. मुलगी बिचारी सरळ. म्हणाली, "दे बाई, एकदा गाऊन बघते, नाही तर आई माझं डोकं खाईल." गायली. सुरात गायली, कुठे म्हणून घसरली नाही. गाणं संपल्यावर तीच म्हणाली, "कसं वाटलं?"

"छान," भोंगा म्हणाली. "माफी मागितल्यासारखं वाटलं."

दोघी हसत सुटल्या. "मला ते खिळे जमायचे नाहीत गं," मुलगी म्हणाली. "मी सांगते आईला. जेवणानंतर सांगते, तेव्हा ती जरा नरम असते."

राहिलं मशीन. यंत्रं पुन्हा मागून आणली, आईचं काम बंद ठेवलं आणि परत वाजवलं. झालं, बेकरीवाला सुटला. नर्सबाईला मागे टाकून तो असा पळाला की शेवटचं कडवं तिला एकटीलाच वाजवावं लागलं. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा त्याने काठी आपटली. "मला धरायला काही नाही!" म्हणाला.

"आई, तू नुसती मशीन चालव ना जरा," भोंगा म्हणाली. "अडीच मिनिटं."

"रिकामी?"

"हो."

"रिकामी मशीन मी चालवत नाही. दोरा गुंततो."

"मग काहीतरी चिंधी शिव."

"चिंधी शिवायला मला काय वेड लागलंय? शिवायचं असेल तर काम आण. आणि सरांची खुर्ची तर शिवून झाली."

शुक्रवारी संध्याकाळी भोंगा ते आठव्या वेळचंच गाणं घेऊन रेडिओच्या पायऱ्या चढली. जागा एक, शनिवार उद्यावर आलेला, आणि साहेबांच्या टेबलावर दुसऱ्या कुणाचं तरी गुळगुळीत गाणं तयार असणार, हे तिला दिसत होतं. चार हजार लोक एका बाजूला आणि मागच्या रांगेत महिनाभर हलवलेले ओठ दुसऱ्या बाजूला.

"साहेब, लावायचं तर असंच लावा. आवाज हाच आणि मशीनही हेच. नाही तर नका लावू, मी रागावणार नाही."

"अहो, ऐकणारे तक्रारी करतील."

"करू देत. तेवढ्या लिहून घ्या मात्र. पुढच्या गाण्याला लागतील."

साहेबांनी तिच्याकडे बघितलं. हातांवर बघितलं, नखांत काळं, बोटांवर हातोडीचे वण. "बघतो," म्हणाले. हा शब्द सगळ्या कचेऱ्यांत चालतो आणि त्यातून कधी काही कळत नाही.

शनिवारी दुपारी दुकानात रेडिओ लावला. बेकरीवाला पिठाच्या अंगानेच आला. नर्सबाई पाळी बदलून आली. आई सरांच्या खुर्चीला शेवटचे खिळे ठोकत होती, तोंड भरलेलं. चार वाजले. साहेबांचा आवाज आला, "पुढच्या गाण्यात मागे जी घरघर आहे ती गाण्यातलीच आहे. श्रोत्यांनी कृपा करून आपापले रेडिओ दुरुस्तीला नेऊ नयेत."

आणि छर्र छर्र छर्र, भोंगा सुरू झाला.

पहिलं कडवं गेलं. दुसऱ्या कडव्यात ती झकास ओढ आली, जिथे नर्सबाईने मान हलवली होती. आईची हातोडी हवेत थांबली. तिने खिळे हातावर काढले.

"ही डावी कड," ती म्हणाली.

"काय?"

"इथे मी कोपरा वळवला. गोट जाड झाला होता, सुई अडत होती, म्हणून हात सैल केला." तिने खुर्चीच्या डाव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "हा बघ. हाच."

बेकरीवाला खुर्चीपाशी गुडघे टेकून बसला आणि तो कोपरा असा बघायला लागला, जणू त्याचाच फोटो तिथे लावलाय.

गाणं संपलं. आई म्हणाली, "आवाज काही सुधारला नाही तुझा."

"नाही," भोंगा म्हणाली.

"चला, म्हणजे तोच आहे." आणि खिळे तोंडात.

साहेबांनी पुढे कळवलं, तक्रारी अकरा आल्या, परत लावा म्हणणारे चार. तक्रारी त्यांनी खरंच लिहून ठेवल्या होत्या. एक होती, 'हिला कुणी पाणी द्या रे.' भोंग्याने तिच्यावर तिथल्या तिथे खूण केली. चाल आपोआप येत होती.

साहेबांच्याही आधी, गाणं संपून दहा मिनिटं झाली नाहीत तोच, आत्या दारात उभी राहिली होती. धापा टाकत. "सगळ्या गल्लीने ऐकलं!"

"काय म्हणाले?" आईने विचारलं. मुद्दाम खिळे काढून विचारलं.

"काय म्हणणार? शेजारीण म्हणाली, काय हा भसाडा आवाज." आत्याने पदराने वारा घेतला. "मी म्हटलं, भसाडा असेल नाही तर काही असेल, आमच्या घरचा आहे. तू तुझा बघ."

नर्सबाई उठून चहा ठेवायला गेली.

पाचला भोंग्याने खुर्ची उचलली. सरांना आजची वेळ दिली होती आणि दिलेली वेळ आईच्या दुकानात मोडत नसे, रेडिओवर गाणं लागो नाही तर आभाळ पडो. खुर्ची उलटी डोक्यावर घेतली, पट्टा कपाळाला लावला, रस्ता ओलांडला, तिसऱ्या मजल्याचा जिना चढायला लागली. दुसऱ्या मजल्यावर नेहमीसारखी थांबली. धाप ओसरू दिली, मग वर गेली.

सरांनी दार उघडलं. वाळले होते, पण नजर तीच. खोलीत कोपऱ्यात रेडिओ होता, चालू.

"मी ऐकलं," सर म्हणाले.

"हो सर. खुर्ची कुठे ठेवू?"

"खिडकीशी. आवाज अजून तसाच आहे तुझा."

"आहे खरा."

"मी तुला ओठ हलवायला सांगितलं होतं."

"हलवले की सर. ऐकलंत ना तुम्ही."

सरांच्या चेहऱ्यावरून काही कळेना आणि भोंग्याने कळून घ्यायचा प्रयत्नही केला नाही. तिने खुर्ची टेकवली. चारी पाय एकेक करून दाबून बघितले. एक डगमगत होता, तो फरशीचा दोष होता. तिने खिशातली फोमची चकती काढून खाली सरकवली.

"बसा सर. उठा. परत बसा."

सर बसले, उठले, परत बसले. मग त्यांचा हात सवयीने गादीच्या कडेवरून फिरत डाव्या कोपऱ्यावर आला आणि तिथे थांबला.

"हे इथे जरा जाड लागतंय."

"कोपरा आहे सर तो. बसून बसून हाताखाली येईल."

सरांनी परत एकदा बोट फिरवलं, आणि मग हात तिथेच राहू दिला.

भोंग्याने खाली पडलेले दोरे तळव्याने गोळा केले. मग खिशातला लोहचुंबक काढून फरशीवरून फिरवला, दारापासून खिडकीपर्यंत आणि परत, कारण म्हातारी माणसं घरात अनवाणी चालतात. एक खिळा निघाला. तो तिने झोळीतल्या खिळ्यांच्या डब्यात टाकला, डब्याचं झाकण लावलं, आणि "येते सर," म्हणून जिना उतरायला लागली.